वऱ्हाडी घर, विस्तव आणि तंबाखूचा धूर : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

एका छपराखाली राहणाऱ्या माणसांपैकी एकाने तंबाखू ओढावी आणि इतरांनी तिचा वास सोसावा, हा प्रसंग आजकालच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातच उद्भवला असे मानण्याची प्रवृत्ती आहे. जुन्या वाड्यांविषयी लिहिणारे लेखक तर याच्या उलट टोकाला जातात. चिलीम ओसरीवर, पाणदान माजघरात आणि धूप देवघरात अशी वाटणी करून आपल्या पूर्वजांनी धुराचा प्रश्न केव्हाच सोडविला होता, असे ते मोठ्या कौतुकाने सांगतात. प्रस्तुत लेखकाला हे कौतुक पटत नाही. चिलीम ओसरीवर होती हे खरे. पण ती तेथे का होती, या प्रश्नाचे उत्तर वासात नसून विस्तवात आहे, आणि वासाची तक्रार करण्याचा अधिकार घरात कोणाला होता हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. या दोन्ही गोष्टी बुलढाणा जिल्ह्याच्या आधाराने तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. जिल्हा निवडण्याचे कारण असे की, चिलीम, विस्तव आणि परक्याचे घर या तिन्हींचा एकत्र उल्लेख असलेली एक प्रसिद्ध कथा याच जिल्ह्यातील शेगावची आहे.

प्रथम कालक्रम पाहू. तंबाखू ही अमेरिकेतील वनस्पती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून दख्खनच्या दरबारांत शिरली. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला तेव्हा त्याला ती तेथे प्रथम दिसली, आणि परतताना १६०४च्या सुमारास त्याने रत्नजडित नळीसह ती बादशहाला नजर केली. अकबराने एक-दोन झुरके घेतले. हकिमाने मात्र हरकत घेतली. ती हरकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, त्याचे गुणदोष अज्ञात आहेत, एवढेच त्याचे म्हणणे होते. वासाचा प्रश्न त्या दरबारात कोणी उपस्थित केलेला दिसत नाही. जहांगिराने १६१७मध्ये तंबाखूवर बंदी घातली, तीही प्रकृतीच्या आणि बुद्धीच्या बिघाडाचे कारण देऊन. उलट, नेमक्या १६०४ सालीच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यात नाकाला होणाऱ्या उपद्रवाची चर्चा आहे. इतकेच नव्हे, तर नवऱ्याने धूर ओढावा आणि बायकोने एक तर स्वतःही ओढावा नाही तर जन्मभर त्या दुर्गंधीत राहावे, हा अन्याय त्याने स्पष्टपणे मांडला आहे. सामाईक घरातील तंबाखूच्या वासाविषयीची इतकी जुनी आणि इतकी नेमकी तक्रार दुसरी क्वचितच सापडेल. ती करणारा राजा होता, बायको नव्हती, ही गोष्ट वेगळी.

वऱ्हाडचा प्रांत १५९६मध्ये निजामशाहीने मोगलांना दिला. सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या घरी जिजाबाईंचा जन्म १५९८चा. म्हणजे जिजाबाईंच्या बाळपणी तंबाखू विजापुराहून उत्तरेकडे निघालेली होती, आणि उत्तरेच्या वाटेवरचे मोठे मोगल ठाणे जे बऱ्हाणपूर, ते मलकापूरपासून फारसे दूर नाही. यापूर्वीच्या वऱ्हाडाला हा वास ठाऊक असणे शक्यच नव्हते. लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या लोणारच्या वास्तव्याच्या लीळा आहेत, त्या ग्रंथात तांबूल आहे, जेवणखाण आहे, घरातल्या वागण्याचे असंख्य बारकावे आहेत, तंबाखू नाही. विडा होता, विडी नव्हती. हा विनोद नव्हे. ‘विडी’ हा शब्द संस्कृत ‘वीटिका’ याचेच मराठी रूप असून तो मूळचा पानाच्या पुरचुंडीचा वाचक आहे. नवा पदार्थ आला तेव्हा मराठीने त्याला घरात आधीपासून असलेल्या, मंगल आणि सुवासिक वस्तूचे नाव दिले. वऱ्हाडात ‘बिडी’ हे हिंदी वळणाचे रूपही तितकेच ऐकू येते. पण दोहोंचे मूळ एकच.

बाकीचे शब्द मात्र बाहेरचे आहेत. ‘तंबाखू’ हा पोर्तुगीज ‘तबाको’पासून फारसीच्या द्वारे आलेला, त्यातील अनुनासिक ही फारसीची देणगी. मराठीत अजूनही त्याचे लिंग ठरलेले नाही. एकाच घरात सासरा ‘तो तंबाखू’ म्हणतो आणि जावई ‘ती तंबाखू’. ‘चिलीम’ फारसी, ‘हुक्का’ अरबी आणि मुळात अर्थ डबी. ‘गुडगुडी’ मात्र पाण्याच्या आवाजावरून घडलेली आपली. क्रियापदांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. हिंदीत तंबाखू ‘पितात’, तुर्कीतही पितात, सतराव्या शतकातील इंग्रजही ती पीतच असत. संस्कृतात ‘धूमपान’ हा शब्द तंबाखूच्या कितीतरी आधीचा. चरकसंहितेत औषधी धूमवर्तीचे विधान आहेच. मराठीने मात्र ‘ओढणे’ पत्करले, आणि फारसीतही या व्यसनाला ‘कशीदन्’ म्हणजे ओढणे हेच क्रियापद लागते. हे अनुकरण आहे की योगायोग, याचा निर्णय शब्दांवरून होणार नाही. पण ‘पिणे’ आणि ‘ओढणे’ या दोन क्रियापदांत एक समान गोष्ट आहे : दोन्ही क्रिया ओढणाऱ्याच्या मुखापाशी संपतात. बाहेर सुटणाऱ्या धुराला, जो इतरांच्या वाट्याला येतो त्याला, भाषेने स्वतंत्र क्रियापद दिले नाही. धूर ‘सोडणे’ म्हणावे तर ते मुद्दाम केलेल्या वेटोळ्यांसाठी.

इतरांच्या वाट्याला जे येते त्याची नावे वेगळ्या कोठारातून येतात. उग्र, दर्प, ठसका, खकाणा, कुबट, धुरकट. यांपैकी ठसका आणि खकाणा हे मुख्यतः मिरची-तंबाखूच्या कुटण्याचांडण्याचे, म्हणजे बायकांच्या कामाचे शब्द आहेत. ‘वास’ हा शब्द मात्र तटस्थ आहे, आणि जुन्या अर्थी तर तो सुगंधच. राहणे या अर्थाचा ‘वास’ आणि गंध या अर्थाचा ‘वास’ हे निराळ्या धातूंपासून आलेले, केवळ उच्चाराने एक झालेले शब्द आहेत. त्यांतून काही तत्त्वज्ञान काढण्याचा मोह आवरावा हे बरे.

आता घराकडे वळू. वऱ्हाडी घराची सामान्य मांडणी वाचकांना ठाऊक आहे. दर्शनी ढाळज किंवा छपरी, मग ओसरी, जिला गावाकडे ‘वसरी’ म्हणतात, आत माजघर, त्याच्या आत चुलीची खोली व देवघर, मागे परसू. ओसरीला एक बाजू मोकळी. पुरुषांची बैठक तेथे, आल्यागेल्याची चिलीम तेथेच. कुंभाराने भाजलेली सरळ चिलीम, तळाशी बारीक खडा, वर चुरलेली तंबाखू, त्यावर निखारा आणि ओठांशी ओल्या फडक्याची छापी. छापीने धूर गार होतो, आणि एकाची चिलीम दुसऱ्याने ओढताना ओठांचा प्रत्यक्ष स्पर्श टळतो. ही दुसरी सोय जातींच्या समाजात फार मोलाची होती, आणि तरीही ती पुरेशी मानली जात नसे. चिलीम कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाईल याला मर्यादा होत्या. ‘हुक्कापाणी बंद करणे’ म्हणजे वाळीत टाकणे. ओसरीवर धूर सर्वांचा, चिलीम मात्र सर्वांची नाही.

या सगळ्यात निखारा कोठून येत असे? चकमक होती, शेतकरी ती कनवटीला बाळगी आणि कापसाच्या बोळ्यावर ठिणगी पाडून विस्तव करी. पण ते रानातले साधन. घरात असताना निखारा यायचा चुलीतून, आणि चूल होती स्त्रियांच्या ताब्यात, सोवळ्याओवळ्याच्या आणि सणवारांच्या नियमांत. म्हणजे ओसरीवरच्या प्रत्येक चिलमीला घराच्या सर्वांत आतल्या खोलीची संमती लागे. ही संमती बहुधा मागावी लागत नसे, हे उघड आहे. तथापि ती नाकारण्याचे काही प्रसंग शास्त्रानेच ठरवून दिलेले होते, आणि शेगावची कथा येथे उपयोगी पडते.

श्रीगजानन महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले आणि आरंभीचा काही काळ बंकटलाल आगरवाल यांच्या घरी राहिले, असे त्यांचे चरित्र सांगते. दासगणूंचा २१ अध्यायांचा ‘श्रीगजानन विजय’ हा ओवीबद्ध ग्रंथ १९३९चा, म्हणजे १९१०च्या समाधीनंतर जवळजवळ तीन दशकांनी रचलेला. त्यातील चमत्कारांची सत्यासत्यता तपासणे हा या लेखाचा विषय नाही, आणि भाविकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करण्याचे कारणही नाही. चमत्काराच्या भोवती जी घरगुती चौकट उभी केलेली असते ती मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला फार कामाची असते. कारण श्रोत्यांना ती चौकट परिचित वाटली नसती तर कथाच उभी राहिली नसती. प्रसंग अक्षय्यतृतीयेचा. महाराजांना चिलीम भरून द्यायची आहे, घरात विस्तव तयार नाही. मुले समोरच्या जानकीराम सोनाराकडे जातात, कारण सोनाराची शेगडी, जिला ‘बागेसरी’ म्हणत, ती लवकर पेटते. सोनार सणाचे कारण सांगून विस्तव नाकारतो आणि महाराजांच्या व्यसनाची हेटाळणीही करतो. पुढे बंकटलालने चिलमीवर नुसती काडी धरली आणि ती विस्तवावाचून पेटली. सोनाराच्या घरी सणाच्या चिंचवण्यात किडे निघाले. त्याने शरण जाऊन क्षमा मागितली.

कथेचा न्याय सोनाराच्या विरुद्ध जातो हे स्वाभाविकच आहे. पण क्षणभर सोनाराची बाजू पाहावी. सणाच्या दिवशी घरातील विस्तव बाहेर देऊ नये हा त्या काळचा सर्वमान्य आचार होता, आणि तो चिलमीसाठी मोडावा असे त्याला वाटले नाही. एवढ्या सविस्तर प्रसंगात तंबाखूच्या वासाचा प्रश्न कोठेच येत नाही. चिलीम घरात ओढावी की नको, याची चर्चा बंकटलालच्या घरात होत नाही. सारा वाद विस्तव देण्या-न देण्याचा आहे. याच ग्रंथातील दुसरी चिलमीची कथाही विस्तवाचीच. मळ्यात महाराज पलंगावर बसले असता चिलमीची ठिणगी पडून पलंग पेटतो आणि ब्रह्मगिरी नावाच्या गोसाव्याचे कोरडे ब्रह्मज्ञान उघडे पडते. चिलमीचा खरा धोका कोणता हे श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते.

आणि बुलढाणा जिल्ह्यात हा धोका इतर प्रांतांहून अधिक होता, याचे कारण कापूस. खामगाव ही एकोणिसाव्या शतकात कापसाची फार मोठी पेठ; १८७०मध्ये जलंब-खामगाव रेल्वे फाटा उघडण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तेथे आला होता. पेठेत भाव चढेपर्यंत शेतकरी कापूस घरातच साठवी, आणि ही चाल आजही मोडलेली नाही. दिवाळीनंतर माजघरात छताला भिडलेला कापूस असतो, परसात पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे भारे असतात, गोठ्यावर कडबा असतो. अशा घरात आत चिलीम न्यायची नाही, हा नियम घालण्यास नाकाची आवश्यकता नाही. जिनिंगच्या आवारातही विडीला मज्जाव असतो तो याच कारणाने. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, मेहकरकडच्या एका खेड्यात, ‘आत कापूस हाये’ एवढे तीन शब्द पाहुण्याला ओसरीवर थोपवून धरण्यास पुरत. ‘आत बायका आहेत’ किंवा ‘वास येतो’ असे म्हटलेले मला आठवत नाही.

येथे एक आक्षेप येईल. वासाची तक्रार नोंदलेली नाही म्हणून ती नव्हतीच कशावरून? आक्षेप योग्य आहे. त्याचे अर्धे उत्तर असे की, जुन्या घराच्या धुरात तंबाखूचा वाटा फार लहान होता. चुलीत गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि ओले सरपण. धुराडे असले तर असले. घरातील स्त्रिया दिवसाचे कित्येक तास ज्या धुरात बसत, त्याच्या मानाने ओसरीवरची चिलीम काहीच नव्हे. उरलेले अर्धे उत्तर मात्र अप्रिय आहे. आत धूर कोणाचा आणि बाहेर धूर कोणाचा ही वाटणी आरोग्याने केलेली नव्हती, मानाने केलेली होती. पुरुषाचा धूर मोकळ्या बाजूला, वाऱ्यावर. स्त्रीचा धूर कोंडलेल्या खोलीत. या रचनेला पूर्वजांचे शहाणपण म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या बाजूने पाहिली आहे हे एकदा सांगावे.

वाटणी मोडली ती काडेपेटीने. १८५५मध्ये स्वीडनमध्ये सुरक्षित आगकाडीचे तंत्र पक्के झाले, आणि पुढे स्वीडनच्या व जपानच्या काड्या हिंदुस्थानात येऊ लागल्या. १९२० नंतर येथेच कारखाने निघाले. त्याच सुमारास टेंभुर्णीच्या पानाची विडी गोंदिया-भंडाऱ्याकडून वऱ्हाडभर पसरली. चिलीम भरावी लागते, तिला निखारा लागतो, जोडीदार लागतो, बसायला जागा लागते. विडीला खिसा पुरतो. चुलीची संमती संपली, ओसरीची गरज संपली, आणि धूर प्रथमच खाटेपर्यंत, पाळण्यापर्यंत गेला. घरातील तंबाखूच्या वासाचा प्रश्न आपण ज्या अर्थाने ओळखतो त्या अर्थाने तो या क्षणी जन्मला असे माझे मत आहे. शहरांतील भाड्याच्या खोल्यांनी, जेथे ओसरीच नाही, तो पुरा केला.

पाईपची गोष्ट थोडी निराळी. बुलढाणा हे घाटावरचे थंड हवेचे ठाणे; वऱ्हाड १८५३मध्ये इंग्रजी कारभाराखाली आल्यावर जिल्ह्याचे अधिकारी तेथे राहिले, आणि पाईप आला तो अशा बंगल्यांतून, मग वकील-डॉक्टर-प्राध्यापकांच्या घरांतून. पाईपच्या तंबाखूला साखर, ज्येष्ठमध, व्हॅनिला यांचे पाणी दिलेले असते. त्यामुळे डबी उघडताच येणारा वास गोड आणि जळल्यावर मागे राहणारा वास पूर्ण वेगळा, अशी फसगत होते. ओढणाऱ्याला पहिला आठवतो, घरच्यांना दुसरा. बंगल्याला व्हरांडा आणि स्वतंत्र अभ्यासिका होती, म्हणून तेथे भांडण नव्हते. तीच सवय दोन खोल्यांत आली तेव्हा ‘पाईप’ या शब्दाभोवती घरगुती मराठीचे काहीच जमलेले नव्हते. चिलमीला छापी, खडा, निखारा, झुरका असा गोतावळा आहे; पाईप मराठीत आजही मुख्यतः पाण्याचाच.

वास काढण्याचे जुने उपाय सर्वांना माहीत आहेत : ऊद, धूप, लोबान, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. हे सारे धुरावर धुराचेच उपाय आहेत. त्याहून खरे काम पोताऱ्याने केले असावे. मातीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा आणि जमिनीला शेणाचा नवा थर वरचेवर दिला जाई, आणि जुना थर त्याचे शोषलेले सर्व घेऊन खाली दबे किंवा खरवडून निघे. हे काम कोणाचे, हे सांगायला नको. गुडगुडीचे तपकिरी पाणी बदलणे हेही बहुधा घरातल्याच कोणाचे तरी काम. तंबाखूचा काढा पिकावरील माव्याला मारतो हे शेतकऱ्याला ठाऊक होते, पण त्याच द्रव्याचा लेप भिंतीवर बसतो हे विज्ञानाने फार उशिरा दाखविले. निकोटीन पृष्ठभागांना चिकटून राहते आणि हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन त्यापासून कर्करोगजनक द्रव्ये होतात, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी सिद्ध झाले. त्यापूर्वी १९८१मध्ये जपानी संशोधक हिरायामा यांनी, धूम्रपान करणाऱ्यांच्या स्वतः न ओढणाऱ्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले होते. २००६च्या अमेरिकन सर्जन जनरलच्या अहवालाने तर खिडकी उघडून वा पंखा लावून हा धोका नाहीसा होत नाही असे स्पष्टच म्हटले. जेम्स राजाच्या तक्रारीला पुरावा मिळण्यास जवळजवळ चार शतके लागली.

आपल्याकडील कायदा दाराशी थांबतो. २००३चा अधिनियम आणि २ ऑक्टोबर २००८पासून लागू झालेले नियम सार्वजनिक जागांपुरते आहेत. घर त्यांच्या बाहेर आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे ३९ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत असल्याचे आढळले. महाराष्ट्राचे चित्र यात वेगळे आहे : धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांहून कमी, तर तंबाखू खाणारे वा मिश्री लावणारे सुमारे २४ टक्के. मराठी माणूस ओढण्याकडून खाण्याकडे का वळला, याची आर्थिक कारणे दिली जातात. मला त्यात घराचाही हात दिसतो. खाण्याच्या तंबाखूला विस्तव लागत नाही, कापसाला तिचे भय नाही, खाटेवर ठसका नाही, आणि माजघरातील बाईलाही ती मिश्रीच्या रूपाने, कोणाच्या नजरेत न येता, वापरता येते. सामाईक घराला मानवेल असेच रूप तंबाखूने येथे घेतले. त्याचे मोल तोंडाच्या कर्करोगाने वसूल केले जाते, ही गोष्ट घराला वासाने कळत नाही.

घरांचेही रूप पालटले आहे. गॅस आल्यापासून अनेक घरांतला चुलीचा धूर गेला, आणि तो गेल्यावरच विडीचा वास ठळकपणे जाणवू लागला. भिंती आता सिमेंटच्या आहेत आणि त्यांना तैलरंग असतो. पूर्वी दर सणाला भिंत नवी होत असे. आता एकदा दिलेला रंग दहा-दहा वर्षे राहतो, आणि आजोबांच्या खुर्चीमागचा पिवळा डाग फडक्याने पुसून निघत नाही.